मुंग्यांनी ओळखलेला आजार



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही तो जरा चाचरतच सांगितला. काल याच जागेवरून संतवाङ्मयाचे विवेचन झाले, उद्या कापसाच्या भावाची चर्चा व्हावयाची आहे, आणि या दोहोंच्या मध्ये आम्ही उभे राहणार ते एका कुत्रीच्या मधुमेहावर! चिटणीस क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग त्यांनी हळूच विचारले, "म्हणजे काही रूपक आहे का?" रूपक वगैरे काही नाही. आमच्या घरी एक कुत्री होती, तिला मधुमेह झाला, आणि पुढे साडेतीन वर्षे आम्ही तिला रोज दोनदा सुई टोचली. तेवढेच सांगावयाचे आहे. आज यवतमाळात, पुसदेत, वणीत पुष्कळ घरी कुत्री-मांजरी पाळलेली दिसतात आणि त्यांतल्या कोणाला तरी हा आजार होणारच. होईल तेव्हा त्या घरच्या माणसांनी आमच्याइतके गोंधळून जाऊ नये, म्हणून हा खटाटोप.

कुत्रीचे नाव तांबी. जात विचाराल तर गावठी. आर्णीकडच्या एका शेतावरून पिल्लू असताना आणलेली, तांबूस अंगाची, एक कान उभा आणि एक पडलेला. तिच्या आयुष्याची पहिली आठ वर्षे व्याख्यानाला विषय होईल असे तिने काहीच केले नाही.

२०१८ चा उन्हाळा तुम्हा सर्वांच्या स्मरणात असेल. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता. निळोणा आणि चापडोह या दोन्ही धरणांनी तळ दाखवला होता आणि नळ आज येईल की आणखी आठवड्याने, हे कोणी सांगू शकत नव्हते. टँकर आला की गल्लीत भांडी खणखणत. अशा दिवसांत आमची तांबी पाणी पिऊ लागली. पिऊ लागली म्हणजे काय, तर कटोरा भरून ठेवावा आणि पाठ वळवावी तो रिकामा. अंगणातल्या बादलीत तोंड घाली, मोरीतले उष्टे पाणी चाटी. आम्ही आपले म्हणालो, पारा चव्वेचाळीसवर गेला आहे, मुके जनावर तहानेने कासावीस होणारच. पुढे ती रात्री घरात लघवी करू लागली. आठ वर्षांत जिने कधी उंबऱ्याच्या आत घाण केली नव्हती, ती अपराध्यासारखी कोपऱ्यात बसू लागली. येथे आम्ही जे केले ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. आम्ही तिचा कटोरा उचलून ठेवला. पाणी कमी पाजले तर लघवी कमी होईल, आणि विकतचे पाणीही वाचेल, असा हिशेब केला. दोन दिवस ती कुत्री तहानेने जिभल्या चाटत आमच्या मागे फिरत होती आणि आम्ही तिला दटावत होतो.

आजार ओळखला तो मुंग्यांनी. आमच्या शेजारच्या आजी पहाटे सडा घालावयास उठतात. पाण्याच्या टंचाईत सडा कसला, नुसतेच झाडणे, पण उठतात. त्यांनी एके दिवशी हाक मारली आणि अंगणातल्या फरशीकडे बोट दाखवले. तांबी जेथे लघवीला बसली होती तेथे काळ्या मुंग्यांची रांग लागली होती. आजी म्हणाल्या, "इला साखर झाली की काय पाहा. आमच्या ह्यांच्या वेळेस न्हाणीघरात असंच होत असे." आम्ही हसलो. कुत्र्याला कुठे मधुमेह होतो! पण आजींची खूण नवी नव्हती. मधुमेह्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात हे आपल्या जुन्या वैद्यांनी फार पूर्वी नोंदून ठेवले आहे. सुश्रुतसंहितेने तर प्रमेहाचे दोन प्रकारही सांगितले आहेत : एक सहज, म्हणजे जन्माबरोबर आलेला, ज्यात रोगी कृश होतो आणि तहानेने व्याकूळ असतो, आणि दुसरा अपथ्यनिमित्तज, जो खादाड, स्थूल आणि आळशी माणसाला होतो. आजचे डॉक्टर जे दोन प्रकार मानतात, त्यांच्याशी याचे साम्य पाहून मन थक्क होते.

त्याआधी एका खासगी ठिकाणी तांबीला दाखवून झाले होते. तेथे तिला न तपासताच "उन्हाळा आहे, पितेच" म्हणून परत पाठवण्यात आले. मुंग्या पाहिल्यावर आम्ही तिला रिक्षात घालून ढोरांच्या दवाखान्यात नेले. आपल्याकडे त्याला ढोरांचाच दवाखाना म्हणतात, आणि ते खरेही आहे. बैल, गाई, शेळ्या यांच्या रांगेत आमची तांबी दोरीला बांधून उभी होती. तेथल्या वयस्क डॉक्टरांनी प्रथम तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि विचारले, "खाते किती?" आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितले, दुप्पट! "आणि वाळत चालली आहे?" तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले की ती वाळत चालली होती. फार पिणे, फार मुतणे, फार खाणे आणि तरीही रोडावणे, ही चार लक्षणे एकत्र दिसली की दुसरा कोणताही विचार करण्याआधी साखर तपासावी, असे ते म्हणाले. तपासली. निरोगी कुत्र्याच्या रक्तात उपाशीपोटी ती साधारण ८० ते १२० असते. तांबीची ४३० निघाली.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, त्याने आमची मंडळी जरा संकोचली : "माजावर केव्हा आली होती?" फाल्गुनात, दोन-अडीच महिन्यांपूर्वी. डॉक्टरांनी मान हलवली. कुत्रीच्या बाबतीत या प्रश्नाला फार महत्त्व आहे, तो का ते त्यांनी समजावून दिले. माज संपल्यावर, पिल्ले राहोत वा न राहोत, कुत्रीच्या शरीरात सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉन नावाचा स्राव चढा राहतो. त्याच्या योगाने तिच्या स्तनग्रंथीतून वाढीचा स्राव सुटतो आणि तो इन्शुलिनच्या कामात आडवा येतो. स्वादुपिंड आधीच थकलेले असेल तर या ओझ्याखाली ते बसते. म्हणून गर्भाशय न काढलेल्या मध्यमवयीन कुत्र्यांत हा आजार अधिक आढळतो, आणि म्हणून इन्शुलिनइतकीच ती शस्त्रक्रियाही आवश्यक ठरते. ती झाली नाही, तर पुढचा माज आला की सगळे घडे पुन्हा पालथे.

आता पाण्याचे पाहू, कारण आमचा अपराध तेथेच घडला. रक्तातली साखर कुत्र्याच्या बाबतीत सुमारे २०० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवून धरता येत नाही. ती लघवीत उतरते आणि उतरताना पाणी ओढून नेते. म्हणजे जनावर फार पिते म्हणून फार मुतत नाही. फार मुतते म्हणून त्याला प्यावे लागते. कटोरा उचलला तरी लघवी थांबत नाही, फक्त शरीर कोरडे पडत जाते. डॉक्टरांनी हे सांगितले तेव्हा आम्ही दोघेही खाली पाहत होतो. त्यांनी आम्हांला काही बोल लावला नाही. "कटोरा आता भरलेला असू द्या" एवढेच ते म्हणाले.

इन्शुलिन माणसांचेच, माणसांच्याच दुकानातून आणावयाचे. चिठ्ठी घेऊन आम्ही औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने बिलाचे पुस्तक ओढले. "पेशंटचं नाव?" तांबी. "वय?" आठ. त्याचा हात थांबला. "आठ वर्षांची पोरगी?" म्हणून त्याने आमच्याकडे जे पाहिले, त्यात इतकी कळकळ होती की कुत्री आहे हे सांगताना आम्हांला चोरट्यासारखे झाले. तो हसला नाही. म्हणाला, "घाटंजीकडची एक बाई येते. तिची मुलगी नऊ वर्षांची आहे. दर महिन्याला हीच बाटली नेते."

श्रोतेहो, त्या दिवसापासून ती मुलगी आमच्या डोक्यातून गेली नाही. त्यात आणखी भर पडली ती आमच्या मेहुण्यांची. ते राळेगावकडचे कास्तकार. घरात शिरले, तांबीला सुई टोचताना पाहिले, आणि ओसरीवर बसून म्हणाले, "भाऊजी, मागच्या साली फवारणीनं माणसं गेली आपल्या जिल्ह्यात. बोंडअळीनं कापूस खाल्ला. अन् तुम्ही कुत्रीले सुया टोचून रायले?" यात खोटे काय होते? २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन याच यवतमाळ जिल्ह्यात शेतमजूर आणि शेतकरी दगावले. गुलाबी बोंडअळीने त्याच साली वेचणीला आलेला कापूस पोखरला. ज्यांच्या घरी हे घडले, त्यांच्यासमोर कुत्रीच्या पथ्याची गोष्ट काढणे कोणत्याही माणसाला जड जावे. आम्ही मेहुण्यांना उत्तर दिले नाही. त्यांना चहा दिला.

खर्चाचे तेवढे सांगून टाकतो, कारण त्याविषयी भलत्याच समजुती आहेत. बाटली दीडशे-दोनशे रुपयांत येत असे आणि तांबीला ती महिनाभर पुरून उरे. पैसा जाई तो सुयांवर, तपासणीच्या पट्ट्यांवर आणि नागपूरच्या खेपांवर. एकंदरीत आमच्या घरच्या वर्तमानपत्रांच्या, पानसुपारीच्या आणि किरकोळ चैनीच्या बेतातले ते काम होते. आम्ही पानसुपारी सोडली. मेहुण्यांच्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हे, हे आम्हांला माहीत आहे.

पण सुई टोचावयास आम्हांला कोणी शिकवले, ते ऐका. पहिले चार दिवस आमचा हात नुसता थरथरत होता. निम्मे औषध तांबीच्या केसांत सांडे. शेवटी दुकानदाराने त्या घाटंजीकडच्या बाईंची गाठ घालून दिली. तिच्या लेकराच्या आजाराची विद्या आपण कुत्रीसाठी मागावी, याची आम्हांला शरम वाटत होती आणि तसे आम्ही बोलूनही दाखवले. ती म्हणाली, "जीवच हाये न थो बी. माह्या पोरीले सांगता येते, इले सांगता येत नाही, एवढाच फरक." मग तेथेच, दुकानाच्या पायरीवर बसून, तिने तांबीच्या पाठीवरचे कातडे चिमटीत धरून दाखवले. कातड्याचा तंबू करावयाचा, त्याच्या पायथ्याशी सुई आडवी घालावयाची, रोज जागा बदलावयाची. दुधी रंगाच्या इन्शुलिनची बाटली हलवावयाची नाही. दोन्ही तळव्यांत धरून, आपण वात वळतो तशी, हळुवार फिरवावयाची. सुई टोचताना तांबीला बोलण्यात गुंतवावे, असेही तिने सांगितले. तिच्या मुलीच्या वेळी ती गोष्ट सांगत असे.

आमच्याकडे विजेचे शीतकपाट होते, तिच्याकडे नव्हते. पण आपल्याकडे मे महिन्यात लाईन गेली की शीतकपाटही पेटीच होऊन बसते. इन्शुलिन २ ते ८ अंशांत राखावे, गोठू देऊ नये, असे बाटलीवर छापलेले असते. बाहेर चव्वेचाळीस, घरात अडतीस. अशा वेळी काय करावे? तिची युक्ती ही : एका मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत लहान मडके, त्यात कोरड्या डबीत बाटली, वरून ओले फडके, आणि सगळे सावलीत, वारा लागेल असे. शीतकपाटाइतके गार होत नाही. पण आपल्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते आणि आतले औषध उन्हाच्या तावडीतून सुटते. शीतकपाट नसलेल्या पुष्कळ उष्ण मुलुखांत लोक इन्शुलिन असेच राखतात. पावसाळ्यात मात्र हवेत दमट असली की मडक्याचा उपयोग फारसा होत नाही, हेही तिनेच बजावले होते.

एका गोष्टीपाशी मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण तिच्यात प्राणावर बेतू शकते. आपल्या बाजारात इन्शुलिनच्या बाटल्या बहुधा ४० च्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० एकके. पण १०० चे इन्शुलिनही मिळते. सुयाही दोन तऱ्हेच्या : ४० वाल्यांचे टोपण लाल, १०० वाल्यांचे नारिंगी. १०० चे औषध लाल टोपणाच्या सुईत दहाच्या रेघेपर्यंत ओढले, तर जनावराच्या अंगात दहा नव्हे, पंचवीस एकके जातात. बाटली आणि सुई यांची जोडी दर वेळी डोळ्यांनी पडताळून पाहावी. दुकानदाराने दिले म्हणून बरोबरच असेल, असे धरू नये. तांबीला किती एकके देत होतो, तो आकडा आम्ही मुद्दामच सांगत नाही. तो प्रत्येक जनावराचा निराळा असतो, डॉक्टरांनी ठरवावयाचा असतो, आणि पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. माणसांच्या गोळ्यांचा कुत्र्याला काही उपयोग नाही. त्याच्या शरीरात इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशीच बहुधा नष्ट झालेल्या असतात, मग गोळी चेतवणार कोणाला? कारल्याचा रस, मेथी, जांभळाच्या बियांची पूड, हे सर्व शेजाऱ्यांनी आणून दिले. तांबीने नुसते हुंगले.

वास्तविक सुई ही या उपचारातली सोपी बाजू. अवघड आहे ते घड्याळ. सकाळी सातला जेवण आणि त्यापाठोपाठ सुई. रात्री सातला जेवण आणि सुई. मध्ये बारा तास. जेवण दर वेळी तेच आणि तेवढेच, तराजूवर मोजून : ज्वारीची भाकर, उकडलेले अंडे किंवा थोडे मटण, दुधी भोपळा, तूप नाही, कारण स्निग्ध खाण्याने कुत्र्यांचे स्वादुपिंड सुजण्याची भीती असते. आधी खाऊ घालून पाहावयाचे, खाल्ले तरच पूर्ण मात्रा टोचावयाची. नाही खाल्ले तर डॉक्टरांना विचारावयाचे. सुई टोचताना औषध सांडले, किती गेले ते कळले नाही, तर पुन्हा टोचावयाचे नाही. एक वेळ साखर वाढलेली चालते, एकाएकी उतरलेली चालत नाही.

हे आमच्या हातून एकदा झालेच. त्या श्रावणात एके संध्याकाळी आम्ही सुई टोचून देवळात गेलो. घरच्या मंडळींना वाटले, विसरले, त्यांनीही टोचली. रात्री नऊच्या सुमारास तांबी उठली आणि दारूड्यासारखी झोकांड्या खात भिंतीवर आदळली. मग पाय कापू लागले, डोळे तारवटले. डॉक्टरांनी सांगून ठेवले होते म्हणून उमगले. गुळाचे दाट पाणी बोटाने तिच्या हिरड्यांना चोळले. तोंडात ओतले नाही, कारण त्या अवस्थेत ते श्वासनलिकेत जाते. दहा मिनिटांनी तिने मान उचलली. मग थोडी भाकर खाल्ली, आणि रात्रभर आम्ही दर तासाला तिची साखर पाहत, गूळ आणि भाकर चारत बसलो. जो गूळ घरातून हद्दपार केला होता, त्याच गुळाने त्या रात्री तिला वाचवले. तेव्हापासून घरात एक वही आली. टोचली की लिहावयाचे. लिहिलेले नसेल तरच टोचावयाचे.

शेजाऱ्यांचा प्रेमळपणा हे दुसरे संकट. आमच्या गल्लीत तांबी सर्वांची लाडकी. जो तो खिशातून बिस्कीट काढी, आणि तेही कोणते, तर ग्लुकोजचे! मुलांना समजावणे सोपे गेले, मोठ्यांना जड गेले. "एकाने काय होतं?" हे वाक्य आम्ही त्या दिवसांत इतके ऐकले की त्याची एक पाटी करून दाराला लावावी असे वाटे. पोळ्याच्या दिवशी पुरणाचा घास कुत्रीला नाही म्हणताच एक गृहस्थ आमच्यावर रुसले. दुसऱ्या एका सुशिक्षित स्नेह्यांनी परगावाहून बिनसाखरेची मिठाई आणली. सुदैवाने आम्ही डब्यावरची अक्षरे वाचली. अशा काही पदार्थांत झायलिटॉल नावाचे गोड द्रव्य घालतात. माणसाला ते बाधत नाही, पण कुत्र्याला ते विषच आहे.

शेजारच्या आजींचा मात्र एक निराळाच प्रकार. त्यांना स्वतःला मधुमेह. डॉक्टर त्यांना वर्षभर इन्शुलिन घ्या म्हणून सांगत होते आणि त्या "सुई म्हणजे शेवट" म्हणून गोळ्यांवर भागवीत होत्या. त्या रोज सकाळी कुंपणावरून विचारीत, "आज तिची किती?" आम्ही आकडा सांगत असू. एकदा आम्ही विचारले, आजी, तुमची किती? तर म्हणाल्या, "माझं काय, मी माणूस आहे." यापुढे काय बोलावे!

आषाढात तांबीला नागपूरला नेले. येथून दीडशे किलोमीटर. तेथले पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासूनचे. आता ते २००० साली स्थापन झालेल्या पशुविज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत आहे. तिचे गर्भाशय काढून टाकले आणि पुढच्या महिन्याभरात इन्शुलिनची मात्रा उतरली. वेळीच शस्त्रक्रिया झाली, तर काही कुत्र्यांचा आजार मुळातूनच जातो म्हणतात. तांबीचा गेला नाही. आम्ही फार उशीर केला होता.

डोळेही वाचले नाहीत. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना वर्ष-दीड वर्षात मोतीबिंदू होतो. साखरेपासून भिंगात एक द्रव्य साचते, ते पाणी ओढते आणि भिंग दुधासारखे पांढरे होते. २०१९ च्या उन्हाळ्यात तांबी पूर्ण आंधळी झाली. आम्ही दुःख करीत बसलो आणि ती आठवडाभरात सगळे घर नाकाने आणि पावलांनी पाठ करून मोकळी झाली. आम्हांला एवढेच करावयाचे होते की अंगणातली बाज जागची हलवू नये.

या सर्व काळात आम्ही मधुमेहाविषयी जे मिळेल ते वाचीत होतो. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे ओस्कर मिन्कोव्हस्की आणि योझेफ फॉन मेरिंग या दोघा वैद्यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले. ते कुत्रे तांबीसारखेच फार मुतू लागले, आणि लघवी तपासली तो तीत साखर. मधुमेहाचे मूळ स्वादुपिंडात आहे हे जगाला तेथे समजले. पुढे १९२१ साली कॅनडात टोरांटो येथे मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांचीच स्वादुपिंडे काढून त्यांना मधुमेही केले आणि स्वादुपिंडाचा अर्क टोचून त्यांना जगवण्याचा प्रयत्न केला. पुष्कळ कुत्री मेली. एक कुत्री बरेच दिवस जगली. तिला मार्जोरी म्हणत. आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला तोच अर्क टोचला. पहिला अर्क अशुद्ध होता, तो फारसा लागू पडला नाही; कॉलिप यांनी शुद्ध केलेला बारा दिवसांनी टोचला आणि तो मुलगा उठून बसला. तोवर असा मुलगा म्हणजे मोजके दिवस उरलेला मुलगा. पेटंट त्यांनी टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला देऊन टाकले. पुढे साठ वर्षे जगाला पुरले ते डुकरांच्या आणि गाईगुरांच्या स्वादुपिंडातले इन्शुलिन. १९८२ पासून माणसाचे इन्शुलिन जंतूंकरवी तयार करून विकावयास आले. डुकराचे इन्शुलिन आणि कुत्र्याचे इन्शुलिन यांच्या रचनेत तर काडीचाही फरक नाही.

हे वाचले त्या दिवशी आम्ही मेहुण्यांना सांगितले. ते गप्प ऐकत होते. मग एवढेच म्हणाले, "म्हणजे घाटंजीच्या त्या पोरीचं औषध आधी कुत्र्यायनं सोसलं."

मांजरांविषयी दोन शब्द, कारण मघाशी समोरून तशी चिठ्ठी आली आहे. मांजरांचा मधुमेह बहुधा दुसऱ्या प्रकारचा, लठ्ठपणातून येणारा. इन्शुलिन त्यांनाही लागते; पण वेळीच दिले आणि वजन उतरवले, तर काही मांजरांचा आजार मावळतो आणि सुई सुटते. मांजर मागच्या पायांच्या टाचा टेकून चालू लागले, तर उशीर न करता साखर पाहावी. आणि कुत्रे असो वा मांजर, मधुमेही जनावराने खाणे सोडले, ओकू लागले, तोंडाला नखांच्या रंगासारखा वास येऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नये. रात्रीच डॉक्टरांचे दार ठोठवावे.

२०२० च्या टाळेबंदीत औषधांची दुकाने उघडी होती, पण नागपूरचा माल येईनासा झाला आणि आमच्या दुकानदाराकडे बाटल्या मोजक्याच उरल्या. आम्ही त्याला म्हणालो, आधी घाटंजीची. तो म्हणाला, ती बाई कालच येऊन असेच सांगून गेली, आधी कुत्रीची पाहा, आमच्याकडे एक आहे. अखेर कोणालाच कमी पडले नाही.

तांबी २०२१ च्या कार्तिकात गेली, अकरा वर्षांची होऊन. मधुमेहाने नव्हे, मूत्रपिंडे थकली होती.

ती वही आज आम्ही बरोबर आणली आहे. साडेतीन वर्षांचा हिशेब आहे : वजन, पाणी, खाणे, मात्रा, साखर. ज्यांच्या घरी असे जनावर असेल त्यांना कशी वही ठेवावी, याचा नमुना म्हणून ती उपयोगी पडेल. २०१९ च्या माघातली पाच पाने निराळ्या हस्ताक्षरात आहेत. आम्ही अकोल्याला लग्नाला गेलो होतो आणि मेहुणे राळेगावहून येऊन घरी राहिले होते. त्यांनी फार काही लिहिलेले नाही. "सात वाजले. खाल्लं. टोचलं." दहा वेळा तेच. वही या टेबलावर ठेवतो. पाने जरा जपून उलटा, मधली काही सुटली आहेत.